इंटरनेट शाळेत आलं, पण दोरी कुणाच्या हाती?

बंगळुरू म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? काचेच्या उंच इमारती, गळ्यात ओळखपत्र अडकवून धावणारी तरुण मंडळी आणि महिन्याच्या शेवटी हाती पडणारा घसघशीत पगार! कोल्हापूर, सांगली, बेळगावकडची कितीतरी मुलं या शहरात संगणकावर पोट भरतात. जिथे साऱ्या जगासाठी प्रोग्राम लिहिले जातात, तिथल्या शाळांत तंत्रज्ञान केव्हाच मुरलं असेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ही वाट सरळ नव्हती. या शहराने ठेचा खाल्ल्या आणि त्यातून मिळालेलं शहाणपण मुंबई-पुण्यापासून चांद्यापर्यंतच्या प्रत्येक आईबापाने ऐकावं असं आहे.

सुरुवात थेट आकाशातून झाली. २० सप्टेंबर २००४ रोजी ‘इस्रो’ने ‘एज्युसॅट’ हा केवळ शिक्षणासाठी बनवलेला उपग्रह सोडला. ‘इस्रो’चं मुख्यालय बंगळुरूतच. त्यामुळे पहिल्या प्रयोगांपैकी एक कर्नाटकाच्या वाट्याला आला. राज्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या चामराजनगर जिल्ह्यातल्या ८८५ प्राथमिक शाळांत टीव्ही बसवले गेले. जंगलाच्या कडेला वसलेल्या गावातल्या मुलाला पडद्यावर उत्तम धडा दिसू लागला. कौतुक वाटावं अशीच गोष्ट. पण या व्यवस्थेत एक उणीव होती. धडा वरून खाली यायचा, खालचा प्रश्न वर जायचा नाही! ‘मला नाही समजलं’ असं सांगणाऱ्या पोरासाठी पडदा थांबत नव्हता. त्याच्यासाठी थांबू शकत होते फक्त वर्गातले गुरुजी. २०१० मध्ये या उपग्रहाचं काम संपलं.

दुसरा धडा अझीम प्रेमजी फाउंडेशनचा. ‘विप्रो’च्या प्रेमजींनी उभी केलेली ही संस्था. संगणकावर मोठा झालेला माणूस शाळांना संगणक देणार, हे ओघाने आलंच. संस्थेने खेळत खेळत शिकवणाऱ्या सीडी वेगवेगळ्या भारतीय भाषांत तयार केल्या आणि सरकारी शाळांत पोचवल्या. मुलं खूश झाली, शाळेतली हजेरीही रंगतदार झाली. पण शिकणं? काही वर्षांच्या अनुभवानंतर संस्थेने स्वतःच हात आखडता घेतला. तिचे प्रमुख अनुराग बेहार यांनी २०१० मध्ये ‘मिंट’ या इंग्रजी दैनिकात लेख लिहून संगणकाच्या मर्यादा उघडपणे मांडल्या. शाळेचं खरं दुखणं संगणकाने बरं होत नाही, त्याच्या नादात ते दुर्लक्षित मात्र राहतं, असा त्याचा मथितार्थ. संस्थेने आपला जोर शिक्षकांच्या तयारीकडे वळवला. स्वतःच लावलेल्या रोपट्याबद्दल असं बोलायला धैर्य लागतं!

मग तंत्रज्ञान निरुपयोगीच म्हणायचं का? मुळीच नाही. याच शहरातल्या ‘आयटी फॉर चेंज’ या संस्थेने उलट्या बाजूने सुरुवात केली. तयार धडा मुलाला देण्याऐवजी संगणक आधी शिक्षकाच्या हाती दिला. कर्नाटक सरकारच्या शिक्षण खात्याबरोबर काम करत तिने सरकारी हायस्कुलांतल्या गणित, विज्ञान आणि समाजशास्त्राच्या शिक्षकांना एकत्र आणलं. फुकट मिळणारे प्रोग्राम त्यांना शिकवले. मग हेच शिक्षक कन्नडमध्ये धडे तयार करू लागले, इंटरनेटवर एकमेकांना देऊ लागले. त्यातून धड्यांचा एक खुला साठाच उभा राहिला. कुणीही घ्यावा, बदलावा, वापरावा!

यात ‘जिओजेब्रा’ नावाचा एक प्रोग्राम शिक्षकांचा लाडका ठरला. २००१ मध्ये ऑस्ट्रियात जन्मलेला. फळ्यावर गुरुजी एक त्रिकोण काढतात आणि तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असं सांगतात. मुलं पाठ करतात. इथे मात्र त्रिकोणाचा एक कोपरा पकडून ओढता येतो. त्रिकोण लांबतो, चपटा होतो, तिरका होतो, पण बेरीज १८० ची हलत नाही. ‘आणखी ओढला तर?’ असं वर्ग विचारू लागतो आणि पाठ केलेली ओळ पटलेली गोष्ट होते. फळ्याला न जमणारं असं काही यंत्र करतं, तेव्हाच त्याचं वर्गात काम. पण कोपरा कधी ओढायचा आणि कधी थांबून ‘का बरं?’ विचारायचं, हे मात्र शिक्षकच ठरवतो.

महाराष्ट्राला हे नवं नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी आठवतात? त्यांनी पाठ्यपुस्तकांत छोटे चौकोनी क्यूआर कोड आणले. मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरला की कविता ऐकू येते, चित्रफीत दिसते. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलर्सचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी इतर नऊ स्पर्धकांना वाटून टाकली! केंद्राच्या ‘दीक्षा’ या शिक्षण व्यवस्थेनेही ५ सप्टेंबर २०१७ पासून हीच क्यूआर कोडची वाट धरली. तिच्या उभारणीत नंदन आणि रोहिणी निलेकणींच्या बंगळुरूच्याच ‘एकस्टेप’चा वाटा आहे.

आणि मग २०२० साल उजाडलं. शाळांना कुलूप लागलं, वर्ग मोबाइलमध्ये शिरला. कर्नाटक सरकारने जूनमध्ये लहान मुलांच्या ऑनलाइन वर्गांवर बंदी घातली, जुलैत उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. ऑगस्टमध्ये ‘विद्यागम’ योजना आली. तिच्यात मुलांच्या तीन याद्या केल्या होत्या. इंटरनेटचा मोबाइल असलेली, साधा फोन असलेली आणि काहीच नसलेली. संगणकाच्या राजधानीच्या राज्यात! ज्यांच्याकडे काही नव्हतं, त्यांच्यासाठी शिक्षकच चालत गेले. देवळाच्या ओवरीत, समाजमंदिरात, झाडाखाली घोळक्याने वर्ग भरले. साथीच्या भीतीने ऑक्टोबरमध्ये तेही थांबले.

शाळा बंद राहिल्याची किंमत नंतर कळली. जानेवारी २०२१ मध्ये अझीम प्रेमजी विद्यापीठाने कर्नाटकासह पाच राज्यांतल्या दुसरी ते सहावीच्या १६,०६७ मुलांची पाहणी केली. ९२ टक्के मुलं भाषेतलं आदल्या वर्षी येत असलेलं किमान एक कौशल्य विसरली होती. गणितात हेच प्रमाण ८२ टक्के होतं. चित्र पाहून सांगता न येणं, साधी वाक्यं लिहिता न येणं, म्हणजे नुसते मार्क बुडणं नव्हे. पुढचं सगळं शिक्षण त्याच पायावर उभं राहायचं असतं.

म्हणून शाळेच्या माहितीपत्रकावर ‘डिजिटल वर्ग’ अशी ठळक अक्षरं दिसली की आईवडिलांनी हुरळून जाऊ नये, घाबरूही नये. फक्त तीन प्रश्न विचारावेत. पडद्यावरचा धडा शिक्षकांना थांबवता, बदलता येतो का? त्यांना त्यासाठी शिकवलं गेलं आहे का? आणि ज्याच्या घरी मोबाइल नाही, त्या मुलासाठी शाळेने काय सोय केली आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या मुलाशी संबंधित नसलं तरी तो जरूर विचारावा. कारण आपलं मूल त्याच वर्गात, त्याच बाकावर बसतं.

पतंग उंच जायला वारा लागतोच. पण दोरी शिक्षकाच्या हातात नसेल, तर तो कुणाच्या गच्चीवर जाऊन अडकेल, याचा नेम नाही!