टक्करीतली ऊर्जा जाते कुठे?

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या रस्त्यांचे रूप बदलते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांकडे रात्रंदिवस ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्यांची रीघ लागते. अंधारात उभ्या ट्रॉलीवर दुचाकी मागून आदळल्याच्या बातम्याही याच दिवसांत वाचायला मिळतात. अपघात विभागात नातेवाईक हमखास म्हणतात, ‘डॉक्टर, गाडी काही फार जोरात नव्हती. चाळीसवर असेल.’

चाळीस म्हणजे किती? ताशी ४० किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे सुमारे ६ मीटरवरून, साधारण दुसऱ्या मजल्यावरून खाली पडणे. वेग ६० असेल तर ही उंची १४ मीटर, म्हणजे चौथ्या मजल्याच्याही वर जाते. वेग दीडपट झाला तरी ऊर्जा सव्वादोनपट होते, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

दोन वस्तू आदळून एकमेकींत रुतल्या, तर त्या टक्करीला अस्थितिस्थापक टक्कर म्हणतात. अशा टक्करीत संवेग कायम राहतो, गतिज ऊर्जा मात्र घटते. स्वारासह २०० किलोची दुचाकी उसाने भरलेल्या २० टनांच्या उभ्या वाहनात घुसली, तर तिची ९९ टक्के गतिज ऊर्जा क्षणार्धात दुसरी रूपे घेते. थोडी आवाजात आणि उष्णतेत जाते. बाकीची पत्रा वाकवते, हाडे मोडते. कवटी थांबली तरी आतला मेंदू पुढे जातच असतो. तो कवटीवर आतून आदळतो आणि रक्तस्राव होतो. बाहेर खरचटलेलेही नसताना रुग्ण बेशुद्ध का, याचे उत्तर इथे आहे.

ही ऊर्जा नाहीशी करता येत नाही. ती कोणी सोसायची, एवढेच आपल्या हातात असते. हेल्मेटमधला थर्माकोलसारखा थर दबतो, चेपतो आणि डोक्याला थांबायला दोन-तीन सेंटिमीटर जादा मिळतात. तेवढ्यानेही डोक्यावरचे बल खूप कमी होते. अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४२ टक्क्यांनी घटतो. चेपलेला थर पुन्हा फुगत नाही, म्हणून एकदा जोरात आदळलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे. पट्टा न लावलेले हेल्मेट तर डोक्याआधीच उडून जाते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते.

अर्थात, सर्वांत चांगली टक्कर म्हणजे न झालेली टक्कर. ट्रॉलीच्या मागे लावलेली रिफ्लेक्टरची पट्टी दुचाकीस्वाराला ब्रेक दाबायला वेळ देते. त्यामुळे बरीच ऊर्जा ब्रेक आणि टायरच्या घर्षणात जिरते. तिथे ती कुणाचा जीव घेत नाही. म्हणून रात्री ट्रॉली रस्त्यावर काढण्याआधी मालकाने मागची पट्टी पुसून घ्यावी आणि दुचाकीस्वाराने निघण्याआधी हेल्मेटचा पट्टा लावावा.