नाव यादीत आहे काय?

निवडणूक जवळ आली की अमरावतीच्या राजकमल चौकात काय, अकोल्याच्या गांधी मार्गावर काय, उमेदवारांची चर्चा रंगते. मतदारयादी उघडून पाहण्याची तसदी मात्र सुशिक्षितांपैकी थोडेच घेतात. ओळखपत्र खिशात असले की त्यांना पुरते. परंतु मत देता येते ते यादीतील नावामुळे. आणि विधानसभा वा लोकसभेसाठी उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत नवे नाव चढत नाही.

आम्हांस अधिक काळजी वाटते ती घरोघरच्या सुनांची. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली. अमक्याची पत्नी, तमक्याची आई, यापलीकडे स्वतःचे नाव त्यांनी सांगितलेच नाही.  आजची सून आपले नाव निःसंकोच सांगते. पण ती अकोल्यात नांदते आणि नाव अमरावतीस माहेरच्या यादीत पडून राहते! स्थलांतरासाठी नमुना ८, नव्या मतदारासाठी नमुना ६. हे अर्ज या आठवड्यातच भरावेत, अशी वाचकांस आमची आग्रहाची विनंती आहे.