‘बघू’ म्हणजे ‘हो’ नव्हे

हरिहरेश्वरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे पती तिथल्या एका लॉजवर काउंटर सांभाळतात. खोल्यांचे बुकिंग, चाव्या, पाण्याची मोटर, सगळे त्यांच्याच हाती. यंदा, म्हणजे 2026 मध्ये, बकरी ईद 27 किंवा 28 मेला येते आहे आणि नणंदेचा निकाह 31 मेला, रविवारी ठरला आहे. सासरे हयात नाहीत, त्यामुळे वली म्हणून हेच उभे राहणार. रमजानच्या आधी त्यांनी शेठना पाच दिवसांच्या सुट्टीचे सांगितले. शेठ म्हणाले, “बघू.” त्यानंतर विषय निघालेला नाही.

भगिनी पुढे लिहितात, “आठवण करा म्हटले की हे चिडतात. म्हणतात, शेठना सगळे लक्षात असते, सारखे विचारले तर माणूस काम टाळतोय असे वाटते. मागच्या ईदला आदल्या संध्याकाळी शेठ म्हणाले, ‘अरे, उद्या तू नाहीस? खोल्या तर सगळ्या भरल्यात!’ हे थांबले. नमाज कशीबशी गाठली, कुर्बानीचे सगळे दिरांनी पाहिले. यंदा निकाहातच हे नसले तर? मीच शेठना फोन करू का?”

फोनचे आधी सांगते. करू नका. तुमचा हेतू चांगला आहे, पण शेठच्या नजरेत तुमचे पती लहान होतील आणि पुढे प्रत्येक वेळी “घरून परवानगी आहे ना?” अशी थट्टा ऐकावी लागेल. मामूंना किंवा जमातीतल्या कुणा बुजुर्गांना मध्ये घालणेही नको. सुट्टीचा मामला मालक आणि कामगार या दोघांतला आहे. घरच्यांनी बोलायचे ते आजारपणात, माणूस स्वतः बोलू शकत नसेल तेव्हा.

आता मूळ मुद्दा. तुमचे पती म्हणतात, आठवण करणे बरे दिसत नाही. पण आठवण कशाची करायची? ठरलेल्या गोष्टीची. इथे तर काही ठरलेलेच नाही. ‘बघू’ हा होकार नाही आणि नकारही नाही. कोकणातल्या शेठचा ‘बघू’ म्हणजे बहुतेक वेळा ‘आत्ता डोक्यात दुसरे आहे, नंतर बोल’ एवढेच. आपण मात्र घरी येऊन सांगतो, “शेठना सांगून ठेवलंय.” शेठना वाटते, हा पुन्हा बोलला नाही, म्हणजे बेत बदलला असेल. मागच्या वर्षीची ती संध्याकाळ अशीच घडली असणार. शेठ खोटे बोलत नव्हते. त्यांनी खरोखरच त्या दिवसाच्या खोल्या भरून घेतल्या होत्या.

तेव्हा पहिले काम आठवणीचे नाही, होकार मिळवण्याचे आहे. आणि तो मिळवायचा तर शेठची अडचण आधी समजून घ्यायला हवी. हरिहरेश्वरला मे महिना म्हणजे कमाईचा महिना. शाळांना सुट्ट्या, मुंबई-पुण्याच्या गाड्या, देवळाची प्रदक्षिणा आणि समुद्र एकाच फेरीत होतो म्हणून येणारी कुटुंबे, बागमांडल्याच्या फेरीबोटीने वेसवीकडून येणारे वेगळेच. पाऊस लागला की लॉजच्या खोल्या ओस पडतात. त्या शेवटच्या शनिवार-रविवारी काउंटरवर भरवशाचा माणूस नसणे शेठला परवडणारे नाही, ही वस्तुस्थिती आहे. त्यात वैर काही नाही.

हे एका वर्षाचेही नाही. चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. बकरी ईद 2024 मध्ये 17 जूनला होती, 2025 मध्ये 7 जूनला. यंदा मेच्या अखेरीस, 2027 मध्ये मेच्या मध्यावर आणि 2028 मध्ये मेच्या सुरुवातीला येईल. म्हणजे किनाऱ्यावर हॉटेल-लॉजच्या धंद्यात असलेल्या आपल्या लोकांना आणखी दोन वर्षे तरी ऐन हंगामातच सुट्टी मागावी लागणार आहे. दर वर्षी आदल्या संध्याकाळी वाद घालण्यापेक्षा एकदा नीट पद्धत बसवलेली बरी.

निकाहाच्या तारखेबद्दलही एक बोलते, राग मानू नका. रविवार सगळ्यांना सोयीचा असतो, पण ज्या घरातला कर्ता माणूस लॉजवर आहे त्या घराला तो सर्वांत गैरसोयीचा. कार्डे छापली नसतील तर सोमवार किंवा मंगळवारचा विचार करा. पर्यटक रविवारी दुपारी खोल्या सोडतात आणि सोमवारी शेठ स्वतः काउंटरवर बसू शकतो. हॉलही बहुधा सहज मिळेल. छापली असतील तर प्रश्न मिटला, मग शेठकडूनच तो रविवार मागून घ्यायचा.

कसा मागायचा? शनिवारी दुपारी, गाड्या अंगणात उभ्या आणि पाहुणे चाव्या मागताहेत, अशा वेळी नाही. मंगळवारी-बुधवारी सकाळी, चहा झाल्यावर, उभ्या उभ्या नव्हे तर दोन मिनिटे बसून. आणि हात हलवत जायचे नाही. आपण नसताना काउंटर कोण पाहील याची तजवीज आधी करून जायचे. शेठला तुमच्या निकाहाची नाही, त्या खोल्यांची काळजी असते. ती तुम्हीच मिटवली, तर ‘हो’ म्हणायला त्याला काही अडत नाही.

इथे सोबतीचा कामगार उपयोगी पडतो. आपल्या किनाऱ्यावर ही देवाणघेवाण जुनी आहे. शिमग्याला, गणपतीला आपण त्यांची पाळी करतो, ईदेला ते आपली करतात. यंदा गणपती 14 सप्टेंबरला बसणार आहेत. पतींनी जोडीदाराला आजच सांगावे, “तुझे गणपतीचे दिवस माझ्याकडे, माझे ईद-निकाहाचे तुझ्याकडे.” मग शेठकडे दोघांनी मिळून जावे. एकट्याच्या विनंतीपेक्षा दोघांनी आणलेली व्यवस्था नाकारणे अवघड असते.

शेठ ‘हो’ म्हणाले की त्याच दिवशी दोन ओळी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या. लेखी अर्जाची सवय छोट्या लॉजवर नसते आणि शेठला अर्ज दिला तर तोही बिचकेल. साधा निरोप पुरे: “शेठ, सकाळी बोललो त्याप्रमाणे 27 ते 31 मे मी सुट्टीवर आहे. काउंटर जोडीदार पाहील. 1 जूनला सकाळी हजर होतो.” भिंतीवर कॅलेंडर असेल तर त्या पाच चौकोनांत शेठसमोरच नाव लिहा. बुकिंगची वही तुमच्याच ताब्यात आहे, तिच्यातही त्या तारखांच्या पानावर वरती लिहून ठेवा. शेठने खोल्या देण्यासाठी वही उघडली की आठवण आपोआप होईल. तोंडी आठवणीपेक्षा वहीतली आठवण बरी, तिचा कुणाला राग येत नाही.

मग खरी आठवण कधी? बकरी ईदेत आपल्याला एक सोय आहे. जिल्हिज्जाचा चंद्र दिसला की ईद दहाव्या दिवशी, म्हणजे नऊ-दहा दिवस आधी तारीख पक्की होते. यंदा हा चंद्र 17-18 मेच्या सुमारास दिसेल. दुसऱ्या दिवशी शेठना सांगायला कारणच मिळते: “शेठ, चंद्र झाला, ईद अमुक तारखेला पक्की. आपले ठरल्याप्रमाणे आहे. चाव्या आणि वही मी आदल्या संध्याकाळी जोडीदाराकडे देतो.” यात विचारणे नाही, लाचारी नाही आणि नवी माहिती आहे. “शेठ, ते सुट्टीचं... मिळेल ना?” असे विचारले की मिटलेला विषय आपणच पुन्हा उघडतो. समोरचा मग पुन्हा ‘बघू’ म्हणतो. पुष्कळ जण नम्रतेच्या नावाखाली हीच चूक करतात आणि मग शेठला दोष देतात.

रमजान ईदेचे वेगळे. तिथे एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळपर्यंत काही नक्की नसते. अशा वेळी एक दिवसाची सुट्टी मागून ती ऐनवेळी सरकवत बसण्यापेक्षा सुरुवातीलाच दोन दिवस मागावेत आणि सांगावे, “यातला एक दिवस ईद, दुसऱ्या दिवशी गरज लागली तर मी येतो.” मोठ्या कचेऱ्यांतही हा घोळ होतोच. 2025 मध्ये रमजान ईद 31 मार्चला आली, नेमकी आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवशी, आणि सरकारी व्यवहार पाहणाऱ्या बँकशाखा त्या दिवशी सुरू ठेवण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने काढला. त्याच वर्षी मुंबईत ईद-ए-मिलादची सुट्टी 5 सप्टेंबरऐवजी 8 सप्टेंबरला देण्यात आली, कारण 6 तारखेला गणेश विसर्जन होते. उरलेल्या राज्यात ती 5 लाच राहिली. मुंबईत नोकरी आणि घर रायगडात, अशा किती जणांना तेव्हा पुन्हा साहेबांसमोर उभे राहावे लागले असेल!

कायदा काय सांगतो, हेही माहीत असावे, भांडायला नव्हे, आपण खैरात मागत नाही हे समजायला. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा 2017 चा कायदा झाला तेव्हा तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू केला गेला. त्यात वर्षाला 8 दिवस पगारी नैमित्तिक रजा आहे. वर्षात 240 दिवस काम केलेल्याला दर 20 दिवसांमागे एक दिवस रजा मिळते आणि ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. शिवाय 8 सणांच्या पगारी सुट्ट्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि आणखी चार, ज्या मालक-कामगारांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवायच्या. सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावले तर दुप्पट मजुरी आणि बदली सुट्टीही द्यावी लागते. म्हणजे ईदेचा विषय काढायचा तो डिसेंबरात, मेमध्ये नव्हे. हरिहरेश्वरच्या चार-पाच माणसांच्या लॉजला हा कायदा लागत नाही. तिथे शब्दावर चालते, म्हणूनच शब्द स्पष्ट हवा.

सरकारी नोकरांच्या, जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या रजेचे नियम स्वतंत्र आहेत. एवढे ध्यानात ठेवा की 1981 च्या रजा नियमांप्रमाणे रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही. उमरा-हजला जायचे तर परदेशगमनाची परवानगी आधी लागते. तिथे अर्जाची पोच घेऊन ठेवणे हीच आठवण.

आता आखाताकडे, कारण श्रीवर्धन-म्हसळ्यात ज्या घरातून कुणी आखातात नाही असे घर शोधावे लागेल. तिथे नियम बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. अमिरातीत वर्ष पूर्ण केलेल्याला वर्षाला 30 दिवस रजा आहे आणि ती कधीपासून, हे मालकाने किमान महिनाभर आधी सांगायचे असते. सौदीत 21 दिवस, पाच वर्षांच्या नोकरीनंतर 30. सौदीतून बाहेर पडून परत येण्याचा व्हिसा पूर्वी कफीलच्या मर्जीवर होता. मार्च 2021 पासून खासगी कंपन्यांतल्या कामगारांना तो स्वतः अर्ज करून घेता येतो. घरकामगार आणि घरगुती ड्रायव्हर मात्र या सवलतीत नाहीत, त्यांना अजून मालकाच्याच तोंडाकडे पाहावे लागते.

या घरांत चूक वेगळीच होते, आणि ती बहुधा इकडच्यांकडून. मुलगा फोनवर म्हणतो, “मुदीरला सांगितलंय, मेमध्ये येतो.” इकडे लगेच हॉल ठरतो, कार्डे छापतात, दावतीचे बकरे बोलून ठेवतात. मग मुलगा तिथे मुदीरच्या मागे लागतो आणि मुदीरला वाटते, हा धमकावतोय. अम्मी-अब्बूंनी मुलाला एकच प्रश्न विचारावा: “हातात कागद आहे का?” मंजुरीचा ई-मेल, व्हिसा, तिकीट, काहीतरी. तो येईपर्यंत तारीख तोंडी ठेवा. मुलीकडच्यांनाही तसे मोकळेपणी सांगा, ती माणसेही याच तालुक्यातली आहेत, त्यांना समजते.

आपल्या भगिनीचा एक प्रश्न राहिला. एवढे करूनही शेठनी पाच दिवस नाहीच दिले तर? तर पाचाचे तीन करा, पण कुठले तीन हे तुम्ही ठरवा. ईदचा दिवस आणि निकाहाचा दिवस सोडायचा नाही. मधल्या शुक्रवारी-शनिवारी दुपारपर्यंत काउंटरवर बसून खोल्या लावून द्यायच्या आणि संध्याकाळी घरी यायचे, अशी तडजोड पतींनी स्वतःच पुढे करावी. निकाहाला वली लागतो आणि वली म्हणून तुमचे पतीच उभे राहणार आहेत, हे शेठना साध्या शब्दांत सांगितलेले आहे का? बहुतेक नसेल. “बहिणीचं लग्न आहे” एवढेच सांगितले असेल आणि शेठना वाटले असेल, भाऊ दुपारी जेवायला पोचला तरी चालते. मंगळवारी चहाच्या वेळी हे आधी सांगा, सुट्टीचे दिवस नंतर मोजा.