परम सद्भाव दोघांनीही पाळावा

विमा कायद्यातील एका मूलभूत तत्त्वाचा इतिहास सुमात्रा बेटावरील एका किल्ल्यापाशी सुरू होतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या मार्लबरो किल्ल्याचा गव्हर्नर कार्टर याने, किल्ला परकीय शत्रूच्या हाती पडल्यास भरपाई मिळावी म्हणून लंडनमध्ये विमा उतरवला. १७६० मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. किल्ल्याची दुर्बलता आणि हल्ल्याची भीती कार्टरने दडवली, असे सांगून विमेकऱ्याने रक्कम नाकारली.

१७६६ मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी निर्णय दिला. विमा हा सद्भावावर उभा असलेला करार असून, जोखमीवर परिणाम करणारी आणि केवळ आपल्यालाच ठाऊक असलेली बाब विमा घेणाऱ्याने उघड केलीच पाहिजे, हे तत्त्व त्यांनी मांडले. ते सर्वांच्या स्मरणात राहिले. निकाल मात्र कार्टरच्या बाजूने लागला होता, याचा बहुधा विसर पडतो. विमेकऱ्याला जे ठाऊक होते किंवा असायला हवे होते, त्याविषयी त्याला नंतर तक्रार करता येत नाही, हा त्या निकालाचा उत्तरार्ध होय.

आपल्याकडे आज पूर्वार्धच अधिक ऐकू येतो. अर्ज एजंट भरतो, ग्राहक दाखवलेल्या जागी सही करतो. हप्ते वर्षानुवर्षे बिनबोभाट स्वीकारले जातात. चौकशी सुरू होते ती मृत्यूनंतर किंवा रुग्णालयाचे बिल आल्यावर, आणि मग विधवेला पतीच्या जुन्या रक्तदाबाबद्दल उत्तर द्यावे लागते.

कायदा याबाबत कठोर आहे. दुसऱ्या कंपनीची आधीची आयुर्विमा पॉलिसी अर्जात नमूद न केल्याच्या कारणावरून दावा नाकारणे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वैध ठरवले. न वाचता सही केली, हा बचाव टिकला नाही. मात्र २०२१ च्या एका निकालात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले, की अर्जदाराने उघड केलेला आजार लक्षात घेऊन पॉलिसी दिल्यावर, त्याच आजाराकडे बोट दाखवून कंपनीला दावा नाकारता येणार नाही.

संसदेनेही काही संरक्षण दिले आहे. विमा कायद्याच्या कलम ४५ मधील २०१५ च्या दुरुस्तीनुसार, तीन वर्षांनंतर आयुर्विमा पॉलिसीला कोणत्याही कारणास्तव आव्हान देता येत नाही. आरोग्य विम्यात २०२४ पासून ही मुदत सलग पाच वर्षांची आहे. सिद्ध झालेली फसवणूक तेवढी अपवाद. परंतु या मुदतीपूर्वी संकट ओढवले, तर कुटुंब असुरक्षितच राहते.

ज्या ब्रिटनकडून आपण हे तत्त्व घेतले, त्याने २०१२ च्या कायद्याने सामान्य ग्राहकावरील हा भार उतरवला. तेथे कंपनीने प्रश्न विचारावा आणि ग्राहकाने वाजवी काळजी घेऊन खरे उत्तर द्यावे, एवढीच अपेक्षा आहे. आपणही हाच मार्ग धरावा. प्रश्न ग्राहकाच्या भाषेत आणि नेमके असावेत. काय महत्त्वाचे हे ओळखण्याचे काम त्याच्यावर सोपवू नये.

याचा अर्थ ग्राहक मोकळा झाला असा नव्हे. मधुमेह लपवणारा माणूस आपल्याच वारसांची फसवणूक करतो, आणि त्याचा भार प्रामाणिक विमेदारांच्या हप्त्यांवर पडतो. म्हणून अर्ज स्वतः वाचावा, उत्तरे स्वतः द्यावीत आणि प्रत जपून ठेवावी. पण विचारायचे ते सारे कंपनीने हप्ता घेण्यापूर्वी विचारावे. चितेची राख थंड होण्याची वाट पाहू नये.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत. अनुवादित लेख.)