ट्रॅक्टर तापतोय? आधी तपासा, मग रेडिएटर बदला

जुना ट्रॅक्टर रोटाव्हेटरला लावला की काटा लालमध्ये जायचा. मेकॅनिक म्हणाला, थर्मोस्टॅट काढून टाकू. मी ऐकलं, तिथंच चुकलो. थंडीत इंजिन लवकर गरम होईना अन् कामात तापणं तसंच राहिलं. ऐन पेरणीत दोन दिवस गेले.

मग एकेक तपासलं. बेल्ट ताठ, टोपी बरी. जाळीतला भुसा हवा मारून काढला, तरी तेच. रेडिएटर उतरवला तर निम्म्या नळ्या क्षारानं बंद! वर्षानुवर्षं ओतलेल्या बोअरच्या पाण्याचं फळ. जास्त नळ्यांचा नवा कोर बसवला, थर्मोस्टॅट परत लावला. आता काटा मधेच असतो.

माझं मत, कुलंटचे पैसे वाचवू नका, हेड गॅस्केट गेलं तर महागात पडतं. आणि गरम इंजिनाची टोपी उघडू नका.