गाव कुठलं तुमचं?



आम्ही राहतो मानखुर्दला. मुंबईचे हे एक टोक. पुढे खाडी, खाडीवर पूल, आणि पूल ओलांडला की पनवेलची वाट. तिथून कोकणातही उतरता येते आणि घाटावरही चढता येते. म्हणून आमच्या चाळीत रत्नागिरीची माणसे आहेत, साताऱ्याची आहेत, बीडचीही आहेत. नवे बिऱ्हाड आले की पहिला प्रश्न ठरलेला : "गाव कुठलं तुमचं?"

गेल्या वर्षी याच प्रश्नाने एका पाहुणीने आमची बोलती बंद केली. ती हकिकत आज सांगतो.

पाहुण्या बाई मॉरिशसच्या. तिथल्या शाळेत त्या मराठी शिकवतात. शेजारच्या तरुणाने त्यांना आमच्याकडे आणले, कारण आम्ही पडलो निवृत्त मास्तर, त्यातून थोडी मोडी वाचणारे. बाईंचे मराठी पुस्तकातल्यासारखे शुद्ध. आमच्या सौ.ने चहा पुढे केला, तर म्हणाल्या, "मी आपली अत्यंत आभारी आहे." सौ. हसली आणि म्हणाली, "अहो ताई, चहाला कसले आभार? गार होईल तो, प्या आधी." घरी त्या मंडळींची बोली क्रिओल. मराठी शिकायचे ते शाळेत आणि जपायचे ते सणावारी.

मॉरिशस म्हणजे आफ्रिकेच्या पूर्वेला, हिंदी महासागरातले एक बेट. सगळा देश मिळून आपल्या सातारा जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा. तिथे उसाचे मोठमोठे मळे. १८३५ साली गुलामगिरी बंद झाली आणि मळेवाल्यांना मजूर मिळेनात. त्याच सुमारास हिंदुस्थानातून करारावर माणसे न्यायला सुरुवात झाली. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळपास पाच लाख माणसे त्या बेटावर उतरली. बिहारकडची आणि मद्रासकडची पुष्कळ, आणि मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठी माणसेही त्यांत होती. पाच वर्षांनी परत येऊ म्हणून घराबाहेर पडलेले कितीतरी तिथेच राहिले.

ज्या धक्क्यावर ती माणसे उतरली, तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा स्थळ झाला. त्या देशात गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. आपल्या कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' या नावाने आजही नाचतात. म्हणजे गाणे टिकले, गणपती टिकला. हरवले ते गावाचे नाव.

बाईंनी पिशवीतून जपून एक कागद काढला. तिथे मोका या ठिकाणी महात्मा गांधी संस्था आहे. मजुरांच्या नोंदीची जुनी बाडे तिथे सांभाळून ठेवली आहेत. त्यांत माणसाचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा आणि गाव लिहिलेले असते. पुढच्या काळातल्या मजुरांची तर छायाचित्रेही आहेत. आडनाव मात्र बहुधा नसते. कारकुनाने 'धोंडू' लिहिले की तेच पुढे साऱ्या घराण्याचे आडनाव. बाईंच्या कागदावर त्यांच्या खापरपणजोबांच्या नावापुढे जिल्हा होता रत्नागिरी आणि गाव होते 'वारी'.

आम्ही पुन्हा पुन्हा वाचले. मग डोक्यात प्रकाश पडला. इंग्रज कारकुनाला आपला 'ड' कुठला जमायला? सावंतवाडीलासुद्धा ते 'सावंत वारी' लिहीत. म्हणजे ही 'वारी' नव्हे, ही 'वाडी'! आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितले आणि लगेच गप्प झालो. कोकणात वाडी नाही असे गाव दाखवा बरे! त्या बिचाऱ्या माणसाला विचारले असेल, कुठला रे तू? आणि तो म्हणाला असेल, वाडीवरचा. त्याला काय ठाऊक, की पाच पिढ्यांनी कोणी आपल्याला शोधत येईल?

त्यातून रत्नागिरी म्हणजे आजची रत्नागिरी नव्हे. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्याआधी मालवण, वेंगुर्लेही रत्नागिरीतच होते.

बाई शेजारच्या तरुणाच्या बहिणीबरोबर चार दिवस कोकणात हिंडून आल्या. तीन गावे पाहिली. देवळात गुरवाला विचारले, म्हाताऱ्या माणसांशी बोलल्या. पक्का धागा लागला नाही. एका घरी आजीबाईंनी त्यांची ओटी भरली आणि म्हणाल्या, "नाय गावला तर नाय. हेच तुझा माहेर समज." हे सांगताना बाईंचे डोळे भरून आले.

मग त्यांनी सहज विचारले, "काका, तुमच्या पणजोबांचे नाव काय? ते त्याच गावचे का?"

वाचकहो, खरे सांगतो, आम्हाला सांगता आले नाही. आजोबांचे नाव माहीत. त्यांच्या बापाचे नाव कधी कानावर पडले होते, पण विसरलो. घराणे मूळचे दुसऱ्या गावचे, दुष्काळात इकडे आले, एवढे वडील सांगत. कुठल्या गावचे, कुठल्या दुष्काळात, हे विचारायचे राहून गेले. आता सांगणारे कोणी नाही. समुद्रापलीकडून आलेल्या बाईंकडे निदान एक कागद होता. आमच्याकडे तोही नव्हता. आणि आमचा नातू तर शाळेत "तुझे गाव कोणते?" या प्रश्नाला 'मानखुर्द' असे लिहून आला आहे!

तुम्ही गावातच राहता, तेव्हा म्हणाल, आम्हाला याची काय गरज? पण घरातली मुले पुण्याला, मुंबईला, काही परदेशीही गेली आहेत. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे अर्धे वर्ष परमुलखात असतात. त्यांच्या नातवंडांना एक दिवस हा कागद लागणार आहे. तेव्हा एवढे करा.

एक शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर गाव, वाडी, तालुका, जिल्हा लिहा. जिल्ह्याचे जुने नावही लिहा, कारण नावे बदलतात. कुलाब्याचा रायगड झाला, उस्मानाबादचे धाराशिव झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. मग ग्रामदैवत आणि कुलदैवत लिहा. पुढे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारून पिढ्या लिहा. बायकांची नावे गाळू नका. आजीचे माहेर कुठले, पणजीचे कुठले, तेही लिहा. अर्धे घराणे तिकडूनच आलेले असते.

आठवण थांबली तर कागद पाहा. शाळेचे जनरल रजिस्टर असते. जमिनीचे जुने फेरफार असतात. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी, म्हणजे ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते, तहसील कचेरीत चौकशी केल्यास पाहायला मिळू शकते. जुने लिखाण मोडीत असले तर जाणकाराला दाखवा, रद्दीत घालू नका. नाशिकला, त्र्यंबकेश्वरला गेलात तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत आपल्या आडनावाचे पान काढायला सांगा. वाडवडील येऊन गेले असतील तर त्यांची नावे तिथे मिळतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांकडे हेळवी येत असतील. त्यांना नुसते धान्य घालून वाटेला लावू नका. बसवून घ्या, वंशावळ ऐका आणि उतरवून घ्या.

आम्हीही वही घातली आहे. पणजोबांची ओळ अजून कोरी आहे. पुढच्या महिन्यात गावी जाऊन शाळेचे रजिस्टर पाहायचे आणि चुलत आत्याला विचारायचे असे ठरवले आहे. आत्याचे वय ऐंशीच्या पुढे, तेव्हा पुढचा महिनासुद्धा लांबच म्हणायचा.

बाई निघताना सौ.ने त्यांना वाटेसाठी तिळाची चिक्की बांधून दिली. या खेपेला त्या "आभारी आहे" म्हणाल्या नाहीत. "येते हं काकू," एवढेच म्हणाल्या.

असो. आज रात्री जेवणे झाली, की घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. उद्यावर टाकू नका.