समुद्रतळाचे धन आणि सरकारी औदार्य

राज्यघटनेच्या २९७व्या अनुच्छेदानुसार देशाच्या समुद्रतळाखालील सारी खनिजसंपत्ती संघराज्याच्या, म्हणजेच भारतीय जनतेच्या मालकीची आहे. सवाल आहे तो या मालकीचे मोल सरकारने किती आणि कुणाकडून वसूल केले हा.

केशवदेव मालवीय यांच्या पुढाकाराने आणि सोव्हिएत तज्ज्ञांच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या तेल व नैसर्गिक वायू आयोगाने १९६० साली अंकलेश्वरला आणि १९७४ साली ‘सागर सम्राट’वरून मुंबईच्या समुद्रात तेल शोधून काढले. याच आयोगाने शोधलेले पन्ना-मुक्ता क्षेत्र १९९४ च्या करारान्वये आयोगाला ४० टक्के हिस्सा ठेवून उरलेले रिलायन्स आणि अमेरिकेची एन्रॉन यांना निम्मे-निम्मे देण्यात आले. शोध लावायचा सार्वजनिक क्षेत्राने आणि वाढलेल्या ताटावर बसायचे मक्तेदारांनी!

१९९९ पासूनच्या नव्या परवाना धोरणाने या औदार्याला शास्त्राचा साज चढवला. उत्पादन-विभागणी करारानुसार कंपनीने आपला खर्च आधी वसूल करून घ्यायचा आणि मग उरलेल्या नफ्यात सरकारने वाटेकरी व्हायचे. तोही वाटा ठरतो गुंतवणुकीच्या कितीपट रक्कम कंपनीच्या हाती आली यावर. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील डी-६ क्षेत्राच्या करारात सरकारचा वाटा आरंभी अवघा १० टक्के, तर अखेरच्या पायरीवर ८५ टक्के होता. खर्चाचा आकडा जितका फुगेल तितकी ती पायरी दूर जाते, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. २००४ च्या आराखड्यात या क्षेत्राचा भांडवली खर्च सुमारे २.४ अब्ज डॉलर होता. २००६ मध्ये तो दोन टप्पे मिळून ८.८ अब्ज झाला. उत्पादन दुप्पट होणार म्हणून खर्च वाढला, असा खुलासा करण्यात आला. दुप्पट उत्पादनाला साडेतीन पटींहून अधिक खर्च! आणि ते दुप्पट उत्पादनही झाले नाही. दररोज ८ कोटी घनमीटरचे वचन होते. २०१० मध्ये ७ कोटींच्या आसपास पोहोचलेला वायू २०१३ पर्यंत दीड कोटींवर घसरला.

असले करार भांडवली खर्च वाढवण्यासच उत्तेजन देतात, असा निष्कर्ष नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात काढला. वास्तविक त्याच्या कितीतरी आधी संसदेतील डाव्या सदस्यांनी या वाढीव खर्चावर बोट ठेवले होते. २०१२ मध्ये सरकारने सुमारे १ अब्ज डॉलरची खर्चवसुली नामंजूर केली खरी, परंतु प्रकरण लवादापुढे गेले.

या अनुभवातून सरकारने कोणता बोध घ्यावा? हिशेबतपासणी कडक करण्याचा नव्हे, तर हिशेब विचारणेच सोडून देण्याचा! २०१६ च्या धोरणाने खर्चवसुली रद्द करून थेट महसुलातील वाटा आणला. एवढ्यापुरती ती सुधारणा म्हणता आली असती. परंतु त्याच धोरणाने खोल समुद्रातील उत्पादनावरचे स्वामित्वधन पहिली सात वर्षे माफ केले. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये, ज्या खोऱ्यांत व्यापारी उत्पादन अद्याप सुरू झालेले नाही तेथील नव्या परवान्यांवर, वार्षिक महसूल २.५ अब्ज डॉलरच्या पुढे जाईपर्यंत, महसुलातील सरकारी वाट्यावरच पाणी सोडण्यात आले. गुंतवणूक आकर्षित करण्यासाठी हे आवश्यक आहे, असे समर्थन केले जाते. मालकाने भाडे माफ केले तर भाडेकरू मिळणारच. यात मुत्सद्देगिरी कसली?

कंपन्यांपुढे हात आखडणारे हे सरकार जनतेपुढे मात्र भलतेच कठोर होते. मे २०२० मध्ये, टाळेबंदीने कष्टकऱ्यांची चूल विझली असताना, पेट्रोलवरील केंद्रीय अबकारी कर लिटरला ३२ रुपये ९८ पैसे आणि डिझेलवरील ३१ रुपये ८३ पैसे करण्यात आला. २०१९ ची माफी रद्द करावी, प्रत्येक परवान्याचा करार आणि हिशेब संसदेपुढे ठेवावा आणि नव्या क्षेत्रांवर पहिला हक्क सार्वजनिक तेल कंपन्यांना द्यावा, ही मागणी कामगार संघटनांनी आणि किसान सभांनी आता गावोगाव नेली पाहिजे.